उस्तादांनी मिशी पणाला लावली

“आजपासून सिगारेट बंद! पुन्हा ओढताना दिसलो तर ही मिशी उतरवीन!”

सुट्टीच्या दिवशी, भरल्या घरात, उस्तादांनी गर्जना केली. उस्ताद म्हणजे छापखान्यातले मशीनमन. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी मालकांना आठवायचं, एरवी सगळ्यांचे ते उस्तादच. आणि मिशी म्हणजे साधीसुधी मिशी नव्हती! दोन्ही गालांवर आडवी पसरलेली, काळीभोर, टोकांना पीळ दिलेली. मुलगी पाहायला आले तेव्हा आधी मिशी आत आली आणि मग जावई, असं त्यांच्या सासूबाई अजून सांगतात.

आता टाळ्या पडतील म्हणून उस्ताद थांबले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली.

“ऐकलंस ना?”

“ऐकलं. मागच्या खेपेला लवंगा होत्या, त्याआधी च्युइंगम होतं. आता मिशी.”

तिचं चुकत नव्हतं. लवंगा चघळून चघळून उस्तादांची जीभ अशी पोळली की ती निववायला त्यांना सिगारेटच ओढावी लागली! एकदा तर त्यांनी पाकीट बायकोच्या हाती दिलं आणि सांगितलं, “मी पाया पडलो तरी देऊ नकोस.” दुपारपर्यंत त्यांनी सगळं घर उलथंपालथं केलं. पाकीट काही मिळालं नाही, पण बायकोची लग्नातली हरवलेली कुडी सापडली. ती इतकी हरखली की तिने स्वतःच पाकीट आणून त्यांच्या हातावर ठेवलं!

“दाजी, मिशी म्हणालात ना?” कोपऱ्यातून मेहुण्याने विचारलं. पुढच्या गल्लीत त्याचं सलून होतं. “वस्तरा माझा. पैसे घेणार नाही, घरचं काम आहे!”

“धार लावून ठेव,” उस्ताद म्हणाले. “गंजून जाईल तुझा वस्तरा!”

सगळे हसले. हसली नाही ती फक्त शाळकरी लेक. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, यावेळी मी मैत्रिणींना नाही सांगणार हं. मागे मी वर्गभर सांगत फिरले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकासमोर धूर काढत उभे होतात.”

उस्तादांना हे फार लागलं. मिशी गेली असती तर परत उगवली असती. लेकीचा शब्द उगवायचा कुठून? तिने आपणहून, मोठ्याने, चारचौघींत सांगायला हवं की माझ्या बाबांनी सिगारेट सोडली! बस्स, ठरलं.

आणि काय सांगू, उस्तादांनी खरोखरच सोडली! सोपं नव्हतं. रिकामे हात सारखे खिशात जायचे आणि हिरमुसून परत यायचे. बुटाच्या नाडीवर ते असे ओरडायचे की नाडी आपणहून सुटायची. सिगारेटच्या जागी त्यांनी तोंडात पेन्सिल धरली. घरातल्या सगळ्या पेन्सिली उंदरांनी कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या. पण सिगारेट नाही म्हणजे नाही! मेहुणा अधूनमधून “सहज आलो होतो” म्हणत यायचा आणि त्यांचा शर्ट हुंगून हात हलवत परत जायचा.

छापखान्यात तर उस्तादांचा भाव भलताच वधारला. तिथली मशीन जुनी, म्हणून तिचं नाव पडलं होतं म्हातारी. उस्तादांखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. पूर्वी उस्ताद जरा जरा वेळाने मागच्या पायरीवर सिगारेट ओढायला जायचे आणि जाताना म्हातारी बंद करायचे. आता ते जातच नव्हते. म्हातारी सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच थांबायची. छापलेल्या कागदांचे ढीग छताला टेकू लागले.

“उस्ताद,” मालक गहिवरून म्हणाले, “सिगारेट तुम्ही सोडलीत, पण भरभराट माझी झाली!”

त्या दिवशी बसची वेळापत्रकं छापायची होती. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून उस्तादांनी दार लावून घेतलं, पेन्सिल दातांत धरली आणि म्हातारी सुरू केली. दुपार कलली. उस्ताद खुशीत गुणगुणत होते. आणि अचानक त्यांच्या नाकासमोरून धूर गेला!

उस्तादांनी पहिल्यांदा काय केलं असेल? हात पाठीमागे लपवला! इतक्या वर्षांची सवय, धूर दिसला की हात मागे. मग त्यांनी तोच हात हळूच पुढे आणून पाहिला. रिकामा होता. मग हा धूर कुणाचा?

धूर म्हातारीच्या पोटातून येत होता! उस्तादांनी झडप घालून बटण बंद केलं आणि खाली वाकून पाहिलं, तोच आतून भस्सकन जाळ आला. त्यांनी वाळूची बादली उचलून ओतली. जाळ विझला, पण धुराने खोली गच्च भरली. त्यांनी खिडकी सताड उघडली.

आणि नेमका त्याच वेळी मेहुणा “सहज” खिडकीखालून चालला होता!

त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. “ताई, लवकर ये! दाजी खिडकीतून धूर सोडताहेत! चोरून नाही, अगदी राजरोस!”

घर जवळच होतं. लेक नुकतीच शाळेतून आली होती, तिला घेऊन बायको तशीच निघाली. आवाज ऐकून मालकही धावत आले. मेहुण्याने दार ढकललं. आत धुराच्या ढगात उस्ताद उभे होते. चेहरा काळा, डोळे लाल आणि दातांत आडवी पेन्सिल!

“बसा खुर्चीत!” मेहुण्याने खिशातून वस्तरा काढला.

“अरे, मी नाही ओढली!”

“अहो, एवढा धूर एका सिगारेटचा कसा असेल?” मालक खोकत म्हणाले.

“एका नाही हो. साठलेल्या सगळ्या एकदम ओढल्या असतील. तुम्ही दाजींना ओळखत नाही!”

बायकोने फक्त सुस्कारा टाकला. लेक उंबऱ्यातच उभी राहून आपल्या बुटांकडे बघत होती. ते पाहून उस्तादांनी दातांतली पेन्सिल काढून खिशात टाकली. यावेळी तर खरोखर सोडली होती! हे आता सिद्ध कसं करायचं?

त्यांनी म्हातारीच्या मोटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मोटर सणकून तापली होती. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

“मालक!” उस्ताद आनंदाने ओरडले. “मोटर जळाली!”

“काय?”

“पार जळाली! कोळसा झालाय नुसता! या, हात लावून बघा!”

मालक मटकन कागदांच्या गठ्ठ्यावर बसले.

“अहो, हसताय काय?” बायको म्हणाली.

“अगं, हाच पुरावा! मी सिगारेटला जायचो तेव्हा म्हातारी थांबायची, निवायची. आता मी जात नाही, म्हणून तीही थांबत नाही. एवढे दिवस अखंड चालली आणि जळाली. मी अधूनमधून सिगारेट ओढत असतो, तर ही मोटर आज ठणठणीत असती!”

मालक क्षीण आवाजात म्हणाले, “मग ओढायची होती ना एखादी...”

मेहुणा सहजासहजी ऐकणारा नव्हता. “दाजी, हा करा!” त्याने तोंड हुंगलं, बोटं हुंगली, खिसे उलटे केले. पेन्सिलीच्या तुकड्यांशिवाय काही निघालं नाही. पडल्या चेहऱ्याने त्याने वस्तरा मिटला.

लेकीने मान वर केली. “म्हणजे बाबा, खरंच?”

“खरंच!” उस्तादांनी छाती फुगवली.

तेवढ्यात मेहुण्याचा चेहरा पुन्हा उजळला. “पण दाजी, मिशी!”

“मिशीला काय झालंय?”

उस्तादांनी हात लावला. उजवी बाजू होती. डावी नव्हती! मघाशी वाकले तेव्हा म्हातारीने अर्धी मिशी जाळून टाकली होती. लेक खो खो हसत सुटली. मेहुण्याने वस्तरा उघडला आणि अदबीने विचारलं, “अर्धीच ठेवायची का?”

मालकांनी जाता जाता हुकूम सोडला, “नवी मोटर आली की मशीन मध्ये मध्ये बंद करायची आणि उस्तादांनी पूर्वीसारखं मागच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. काहीही न ओढता!”

संध्याकाळी उस्ताद गुळगुळीत ओठ घेऊन घराकडे निघाले. पैज सगळ्या गल्लीला ठाऊक होती. लोक त्यांच्या ओठाकडे बघायचे आणि चुकचुकायचे. शेजारच्या काकांनी तर पाठीवर हात ठेवून धीर दिला, “चालायचंच हो! पुढच्या खेपेला नक्की सुटेल.”

पण उस्तादांचं लक्षच नव्हतं. लेक त्यांचा हात धरून चालली होती, आणि दिसेल त्या मैत्रिणीला हाका मारमारून सांगत होती, “ए, माझ्या बाबांनी सिगारेट सोडली! खरंच सोडली!”

मैत्रिणी उस्तादांच्या ओठाकडे बघायच्या, मग एकमेकींकडे. एकीचाही विश्वास बसला नाही. लेकीने आवाज आणखी चढवला.

उस्तादांची मान ताठ झाली. त्यांनी ऐटीत मिशीला पीळ द्यायला हात वर नेला. तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी नुसत्या हवेलाच पीळ दिला, आधी डावीकडे, मग उजवीकडे.