धावपट्टीवर सापडलेल्या वाळ्याची हकीकत

श्रीवायुदेव समर्थ. ज्याच्या बळे लोखंड उडते त्यास दंडवत करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासी, एका राज्यात उघड्या माळावर विमानांचे ठाणे होते, तेथील हे वर्तमान.

ठाणे मूळ टोपीकरांनी वसविले. शके अठराशे चौसष्टी समुद्रापलीकडे थोर युद्ध पेटले, आणि टोपीकरांस विमाने उतरविण्यास सपाट जागा पाहिजे जाहली, आणि या माळावर साठ उंबऱ्यांचे गाव होते त्यास आठ दिवसांत उठण्याचा हुकूम आला, मग गाव गाडे जुंपून उठले, खळ्यावर रूळ फिरला आणि त्याची धावपट्टी जाहली. पुढे टोपीकर गेले, राज्य आपले जाहले, ठाण्याचा लौकिक वाढला. हल्ली सरहद्दीची राखण तेथून होते, आणि महापूर आला म्हणजे अन्नाची पोतीही तेथूनच उडतात.

ठाण्याचा परिपाठ ऐसा जे, उजाडताच चाळीस असामींनी हारीने धावपट्टी चालावी आणि खडा, खिळा, काच वेचावी, कारण एवढासा खडा इंजिनात ओढला गेला तरी विमान आणि विमानवाला दोन्ही जातात. जाताना मोजावे, येताना मोजावे, मोजदाद जुळल्यावाचून उड्डाण नाही. आणि जुन्या गावाचे मणी, बांगडी काही वर आले तर घरी नेऊ नये, उत्तर टोकाच्या दगडावर ठेवावे. हा शेवटचा नेम कागदात नव्हता, गवत कापणारा गेनबा तो सांगत असे.

शार्दूलराव विमानवाले नवेच बदलून आले होते. हारीत चालताना त्यांस काशाचा वाळा सापडला, तो त्यांनी खिशात घातला आणि घरी आणून तीन वर्षांच्या लेकीस, मिहिकेस, दिला. पत्नी अनुजाबाई फार जपणाऱ्या, दूध तीनदा निववून पाहात, दाराची कडी दोनदा. म्हणाल्या, "कुठला कोण जाणे, जंतू असतील. उकळून देते." मग वाळा उकळला, पुसला आणि लेकीच्या पायात घातला.

दुसरे दिवशी चाळीस गेले आणि एकेचाळीस आले. हवालदाराने तीनदा मोजले. तोंडे सारी ओळखीची, मोजताना मात्र एक अधिक. तीन दिवस तेच, तीन दिवस विमाने उभी. घरी मिहिका खिडकीतून हात हलवी. पूर्वी विमान गरजले की कान झाकून आईच्या पदरात शिरणारी पोर, आता धावपट्टीकडे बघत बसे. "कोण गं तिकडे?" अनुजाबाईंनी पुसले. "ती ताई. माझ्या पायाकडे बघते."

मग अनुजाबाईंनी गेनबास बोलाविले. त्याने पायातला वाळा पाहिला आणि ओट्यावर बसकण मारली.

"वैनीसाहेब, हे कुणी आणलं?"

"ह्यांनी. काय झालं, गेनबा?"

"गाव उठलं तवा घाईत एक पोर खळ्यावर निजलेलं राहिलं. तिची बय माघारी आली, तवर रूळ फिरला हुता. आमच्याकडं आईला बय म्हणत्यात. माझी आजी सांगायची, त्या पोरीच्या एकाच पायात वाळा हुता."

"आता काय करायचं?"

"जिचा तिला द्यायचा. लेकीला संगं घ्या, तिच्याच पायातनं काढा. आन् हात सोडू नका."

ठाणेदारांनी आधी हसून दाखविले, परंतु विमाने उभी होती, सबब परवानगी दिली. चवथे दिवशी उजाडता चाळीस असामी, अनुजाबाई आणि मिहिका मिळून बेचाळीस चालले. दगडापाशी वाळा काढून ठेवला. मग अनुजाबाईंस भरून आले आणि त्यांनी त्या परक्या पोरीसाठी नमस्कार केला. नमस्कारास दोन्ही हात लागतात. तेवढाच वेळ लेकीचा हात सुटला, आणि लगेच परत हातात आला, थोडा गार.

येताना हवालदाराने मोजले. बेचाळीस. पुन्हा मोजले, बेचाळीसच. लोकांनी टाळ्या वाजविल्या, शार्दूलराव विमानात चढले.

दोन प्रहरी अनुजाबाई ओट्यावर लेकीची वेणी घालीत बसल्या होत्या, तो डोईवरून विमान गरजत गेले. अनुजाबाईंचे हात सवयीने लेकीच्या कानांकडे गेले. पोरीने कान झाकले नाहीत. तोंड वर करून ती शांत पाहात राहिली, जशी त्या गर्जनेखालीच वाढली असावी, आणि म्हणाली, "बय, गेलं बघ."

अनुजाबाईंनी धावपट्टीकडे पाहिले. उत्तर टोकास कोणी नव्हते. मग वेणी अर्धी होती ती त्यांनी पुरी केली, कारण पोर केस त्यांच्या हाती सोडून मान टेकून बसली होती आणि आपल्या हाकेच्या उत्तराची वाट पाहात होती. आणि त्यांनी ओ दिली.

येणेप्रमाणे वर्तमान. मोजदाद जुळली, उड्डाणे चालू जाहली, दफ्तरी काही उणे नाही. परंतु अनुजाबाई तेव्हापासून नित्य उजाडता खडे वेचणाऱ्यांच्या हारीत चालतात आणि दगडापाशी हात पुढे करून उभ्या राहतात. नमस्कार करीत नाहीत.