मध्यंतरापर्यंतचे अप्पा

लातूरच्या मोंढ्यात शिवलिंगअप्पांच्या अडतीबाहेर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूने तूर, हरभरा, सोयाबीन असं एकाखाली एक लिहिलेलं असतं आणि प्रत्येकापुढे भाव. शनिवारी सगळ्यांत खाली, थोडी जागा सोडून, अप्पा आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमाचं नाव लिहितात आणि त्यापुढे त्याची ओल. तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. ओल. धान्याची मोजतात तशी.

बारा ओल म्हणजे चोख माल, डोळे झाकून घ्या. चौदा म्हणजे चालेल. अठराच्या वर गेला की अप्पांच्या मते सिनेमात रडारड जास्त, दाणा कमी. घरी नेला तर बुरशी धरणार. परदेशात जाऊन नाचलेली गाणी ते काडीकचऱ्यात धरतात. एका ठोशात वीस माणसं हवेत उडाली की शेरा पडतो, ‘चाळून घ्या’. रेणापूरकडून सोयाबीन घेऊन आलेली माणसं माल उतरवतात, फळा वाचतात आणि टॉकीजला जायचं की सरळ गावाकडे, ते ठरवतात. टॉकीजचा मॅनेजर शनिवारी सकाळी चहाच्या निमित्ताने फळ्यावरून चक्कर मारतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि हा माणूस गेली कित्येक वर्षं प्रत्येक सिनेमा फक्त मध्यंतरापर्यंत पाहतो.

तीनच्या खेळाला जायचं, मध्यंतराचे दिवे लागले की उठायचं, धोतराचा सोगा झटकायचा आणि घरी. पुढचा अर्धा सिनेमा पाहिलेला नाही, निकाल मात्र पुऱ्या सिनेमाचा.

मी पत्रकं काढणारी मुलगी आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, वसतिगृहातली कच्ची पोळी, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे, सगळ्यांवर काढली आहेत. अर्धवट माहितीवर मत ठोकून देणाऱ्यांवर तर दोन काढली आहेत. तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

“अप्पा, हा अन्याय आहे. माणसं तुमच्या भरवशावर तिकीट काढतात.”

“पोरी, तू पोतं घेताना सगळं उलटं करून बघतीस का? परखी खुपसायची, मूठभर काढायचं, हातावर घ्यायचं. कळतं.”

“परखी मधोमध जाते. तुम्ही नुसतं वरचं काढता.”

“तळाला मातीच असती. सगळ्यांच्याच.”

या वरवरच्या तपासणीतून काय काय घडलं ते सांगते. हवेलीतल्या भुताचा एक सिनेमा लागला होता. भूत मध्यंतरानंतर येणार होतं, त्यामुळे अप्पांच्या लेखी तो नवीन सुनेचा आणि जुन्या घराचा सिनेमा झाला. फळ्यावर आलं: ‘ओल तेरा. लेकराबाळांसहित बघावा.’ रविवारी अर्धी गल्ली लेकराबाळांसहित गेली. सोमवारी एक बाई तापाने फणफणलेलं पोरगं काखेत घेऊन अडतीवर हजर. अप्पा शांतपणे म्हणाले, “मी होतो तवर समदं चांगलं चाललं होतं, बाई.”

जुन्या सिनेमांवर त्यांचा जीव. टॉकीजवाले मधूनच एखादा जुना लावतात, तेव्हा अप्पा खुशीत. “जुना माल वाळलेला असतो. दाताखाली कट्ट वाजतो.” नव्यांबद्दल तक्रार एकच. विमानांच्या लढाईचा एक पाहून आले, अर्थात अर्धा, आणि म्हणाले, “आवाज लई. माल कमी, बारदाना जास्त.”

आता माझ्या लढ्याकडे येते, कारण अप्पा त्यातच मला कळले.

त्या टॉकीजमधल्या बायकांच्या मुतारीला वर्षानुवर्षं कुलूप होतं. पत्रकात मी मुतारी हाच शब्द लिहिला. प्रसाधनगृह लिहिलं की कुणाला काही टोचत नाही. आत मोडक्या खुर्च्या आणि जुन्या पोस्टरांचे गठ्ठे. तीनच्या खेळाला यायचं म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. पुरुषांची बाजू मात्र उघडी. मी मॅनेजरकडे गेले.

तो म्हणाला, “मालक नांदेडला असतेत. आजवर एका बाईनं तक्रार केली न्हाई.”

“तुमच्यापाशी करणार कशी? तुम्ही पुरुष.”

“मग अप्पाची सही आणा. मोंढ्यात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणले तर लगेच मालकाला फोन लावतो.”

मी पत्रक घेऊन अडतीवर गेले. अप्पांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. काहीतरी पुरं संपवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

“ओल बावीस,” ते म्हणाले. “एका पानावर तीन वेळा धिक्कार. लई ओली हाय तुझी चिठ्ठी, उन्हात टाक जरा.”

“टाकते. सही करा.”

“सही न्हाई.”

“का?”

“बायकांच्या गोष्टी. कागदावर, चारचौघांत. मला न्हाई जमायचं. जा तू.” आणि ते फडक्याने तराजू पुसायला लागले. तराजू स्वच्छ होता.

माझं डोकं फिरलं. “तुम्हाला काय त्याचं. तुम्ही मध्यंतराला उठून आरामात घरी जाता.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तराजू पुसायला घेतला.

कुणी नाही म्हटलं की पुन्हा त्याच्याच दारात जायचं, एवढं पत्रकांनी मला शिकवलेलं आहे. पुढच्या शुक्रवारी पावणेपाचला मी त्यांच्या घरी पोचले. दार लोटलेलं होतं. आत चहा उकळत होता आणि अप्पा त्यांच्या बायकोशी, अक्काशी, काही तरी गंभीर बोलत होते.

“मग ती पोलिसात जाती.”

“पोलिसात कशाला जाती? पोलीस तिचा दीरच हाय, आत्ता तुमीच सांगितलं न्हवं का?”

“हाव की. इसरलोच. मग?”

“सासूला सांगती. बाईनं बाईला सांगायचं.”

“सासू मारती तिला.”

“मारती मारती. पण आधी जेवायला घालती. नीट घ्या की, अवो. तुमची सासू लई जल्दी तापती.”

मी दारातच उभी. अक्काने पाहिलं, हसली, पाट सरकवला. मी विचारलं तसं तिने सांगूनही टाकलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले.

“लगीन झाल्यापासून जोडीनं जायचो. मध्यंतर झालं की मला दम निघायचा न्हाई, आणि तिथं कुलूप. मग घरी. पळतच यायची मी. हे बी संगंच उठायचे. ‘तू जा, मी बसतो’ असं एकदा बी म्हणले न्हाईत, खोटं कशाला बोलू? घरी आलं की उरलेला सिनेमा आमी दोघं पुरा करायचो. आता मला साखर झालीय, मध्यंतरापर्यंत बी बसवत न्हाई. म्हणून हे एकटे जातेत आणि अर्धा घेऊन येतेत.”

“फोनवर बघता येतो की पूर्ण.”

“सून दाखवणार होती. ह्यांनी फोन उपडा ठेवला. म्हणले, शेवट कळल्यावर चहाला बोलायचं काय?”

माझ्या हातातला कागद तिने ओढून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला. “मुतारी लिहिलंस. बरं केलंस.” मग पेन मागितलं आणि एकेक अक्षर कोरत, नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण सही केली. “आता तुमी. माझ्या खाली करा.”

“अगं, लोक हसतील.”

“हसू द्या. मी किती पळाले त्ये त्यांना कुठं माहीत हाय?”

अप्पांनी सही केली. एवढ्यावर थांबले असते तरी मी खूश होते. पण शनिवारी फळ्यावर सिनेमाच्या नावाच्या जागी ठळक अक्षरांत आलं: ‘बायकांची मुतारी: कुलूप.’ ओल लिहिलेली नव्हती. मोंढा दोन दिवस हसला. हमालांनी टोमणे मारले, समोरच्या अडत्याने “अप्पा, ह्याचा भाव काय?” असंही विचारून घेतलं. अप्पांचे कान लाल व्हायचे, पण रोज सकाळी ते तीच ओळ पुन्हा लिहायचे, वळणदार. तिसऱ्या दिवसापासून हसू कमी झालं. काही घरांतून बायका टॉकीजला जाईनात. बाराव्या दिवशी मॅनेजरने खुर्च्या आणि पोस्टरं बाहेर काढली, नळ बसवला, कुलूप काढलं.

त्या शुक्रवारी अक्का इरकली नेसून अप्पांसंगं टॉकीजला आली. मी दाराशी उभी होते, लढ्याचा निकाल डोळ्यांनी बघायला. गाणं लागलं तेव्हा ती एकदा उठली आणि परत आत जाऊन बसली. मध्यंतराला पुन्हा गेली, हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, “पाणी हाय. कडी बी लागती.”

घंटा वाजली. माणसं आत वळली. अप्पा अक्काकडे बघत उभे.

“चला आत,” मी म्हणाले.

“घरी जावं म्हणते,” अक्का म्हणाली.

“अक्का, कुलूप काढलंय. आता कशाला जाता?”

“काढलंय, म्हणूनच. त्या रस्त्यानं मी आजवर कधी सावकाश चालले न्हाई गं.”

दोघं निघाली. अप्पांनी पाऊल तिच्या पावलाला जुळवलं. रसवंतीपाशी थांबली, बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली. सिनेमातला धाकटा भाऊ मरतो की नाही यावर अप्पा हातवारे करून काही सांगत होते आणि अक्का मान हलवत होती, नाही, नाही.

मी आत जाऊन बसले आणि उरलेला सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. धाकटा मेला. सगळे रडले. अठराच्या खाली तो सिनेमा नव्हताच.

शनिवारी फळ्यावर ‘ओल बारा’ होतं. मी वाचलं, अप्पांना नमस्कार केला आणि पुढे गेले.