एकशे चौदा नंबरचा जबडा

जेलीची कवटी साच्यातून निघाली ती बटाटा होऊन. दुसरी अर्धी साच्यात राहिली, अर्धी ताटात पडून थरथरत बसली. तिसरीचं नाक बायकोनं बोटानं उचलून खाल्लं आणि म्हणाली, "चव झकास आहे. पण हिला बघून कोणी घाबरणार नाही, कीव करतील."

लेकीचा दहावा वाढदिवस होता. नव्या शाळेत येऊन चार महिने झाले तरी एकही मैत्रीण घरी आली नव्हती. म्हणून तिनं भुतांची पार्टी जाहीर केली होती. संध्याकाळी पाचला सात मुली येणार होत्या. सकाळचे अकरा वाजले होते.

"केक आणू का सरळ?" बापानं विचारलं.

"केक सगळेच आणतात," लेक फणकारली. "मी वर्गात सांगितलंय, आमच्याकडची भुताटकी बघून तुमची बोबडी वळेल. आता बटाटा पुढे करू?"

बापानं विकतचा साचा हातात घेऊन उलटासुलटा केला. "चूक जेलीची नाही. हा साचा कडक आहे. मऊ पाहिजे, सोलून काढता येईल असा. ज्यानं हा केला त्यानं आयुष्यात साचा केलेला नाही."

त्यानं स्वतः आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. तो कवळ्या करायचा. दवाखान्याच्या बोर्डावर नाव डॉक्टरांचं, आणि "दात काय सुरेख बसलेत हो" हे कौतुकही डॉक्टरांचं. मागच्या खोलीत प्लॅस्टरच्या धुळीत खोकत दात घडवणारा हा. लोकांना दात हवे असतात, दात करणारा नको असतो. त्याच्याकडे फक्त जबड्याचा ठसा यायचा आणि त्यावर नंबर. नाव नाही, चेहरा नाही. वीस वर्षांत त्यानं हजारो तोंडं भरली, पण एकाही तोंडाशी ओळख झाली नव्हती.

तो दवाखान्यातल्या त्या खोलीवर जाऊन साच्याच्या रबराचा न उघडलेला डबा आणि फळीवरचा एकशे चौदा नंबरचा प्लॅस्टरचा जबडा घेऊन आला. ही त्याच्या सर्वांत अवघड कवळीची जपून ठेवलेली नक्कल. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पेशंटला मूळचे होते तसेच वाकडे दात हवेत, कोणालाही कळता कामा नये. समोरचा डावा दात शेजाऱ्याच्या खांद्यावर किंचित चढवायला त्याला चार दिवस लागले होते. त्या जबड्यावरून त्यानं आठ मऊ साचे काढले. आधी दुधाच्या पांढऱ्या जेलीचे दात, ते धरल्यावर मागून लालभडक हिरड्या. साडेचारला साचे सोलले तेव्हा ताटात आठ ओले जबडे दात विचकून बसले होते. बायकोनं ताट पाहिलं आणि पदराआड हसली.

लेक मात्र दाराशी घुटमळत राहिली. "बाबा, कोणी विचारलं तर... मी सांगितलंय, तुम्ही दातांचे डॉक्टर आहात."

"का गं?"

"सगळ्यांचे बाबा काहीतरी आहेत."

बापानं हातातला चमचा खाली ठेवला. "बरं. मी गप्प बसेन," एवढंच म्हणाला.

पाचला भुतांचे वेश करून सात मुली आल्या आणि त्यांच्यातल्या एकीबरोबर तिची आजी आली. ही आजी म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की शिक्षकसुद्धा खिशातले हात बाहेर काढत. "सोडायला आले होते," त्या म्हणाल्या आणि कोणी आग्रह करायच्या आत खुर्ची ओढून बसल्या. त्याबरोबर पार्टीतली भुतं रांगेत, हाताची घडी घालून उभी राहिली.

बापानं ताट आणलं. मुली किंचाळल्या, मग पुढे सरकल्या. लेकीच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग आला. तेवढ्यात एकीनं विचारलं, "काका, किती खरे वाटतात. कुठून आणले?"

कारागिराला सगळं सोसतं, पण आपलं काम विकतचं म्हटलेलं सोसत नाही.

"आणले कुठले? मी केलेत. खऱ्या माणसाच्या जबड्यावरून. मी कवळ्या करतो."

उचललेले चमचे हवेतच थांबले. "खऱ्या माणसाच्या?" "म्हणजे ते तोंडात होतं?" "ई." "तू तर म्हणालीस डॉक्टर आहेत." एकीनं ताटली टेबलाच्या पार कडेला ढकलली. "काकू, माझ्या आईला फोन लावता का?"

लेक जमिनीकडे बघत होती. तिचा बाप म्हणत होता, "अगं, कोरं रबर आहे, तोंडाला लागलेलंच नाही ते," पण ऐकतंय कोण? चार महिन्यांनी उघडलेलं दार पाच मिनिटांत बंद व्हायला निघालं होतं.

मग मोठ्या बाईंची नात वाकून जेलीकडे बघत म्हणाली, "आजी, हा दात बघ. तुझ्यासारखाच वाकडाय."

बाईंनी जेली पाहिली आणि पटकन ओठ मिटले. पण बापानं तेवढ्यात पाहायचं ते पाहिलं होतं. एकशे चौदा. त्याचं काम त्याच्यासमोर खुर्चीत बसलं होतं, बोलत होतं, श्वास घेत होतं. त्याचा चेहरा असा उजळला की बायकोला वाटलं याला काहीतरी होतंय.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा तो डावीकडचा..."

"चमचा द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी पहिला जबडा तीन घासांत संपवला. वाकडा दात आधी. मग ताटाकडे पाहिलं. सात उरले होते, आणि सातही त्यांचेच. दुसरा कसाबसा संपला. तिसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. शेवटी त्यांनी चमचा टेबलावर आपटला.

"बघत काय उभ्या राहिलात? अन्न टाकायचं असतं? प्रत्येकीनं घ्या. एकही दात शिल्लक दिसता कामा नये."

मोठ्या बाईंना नाही म्हणायची कोणाची छाती? मुलींनी डोळे मिटून पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला डोळे उघडले. "अगं, दुधाचे आहेत दात." "हिरड्या आंबट आहेत, हिरड्यांसकट खा." उरलेले जबडे पाच आणि मुली आठ, तेव्हा शेवटच्या जबड्यासाठी दोन भुतं गुद्द्यांवर आली. आईला फोन लावायला निघालेली पोरगी ताट चाटत होती.

निघताना बाई दारात रेंगाळल्या. नात जिन्यात पुढे गेल्याची खात्री करून खालच्या आवाजात बापाला म्हणाल्या, "उजवीकडे आत टोचतं. डॉक्टर म्हणतात, सवय होईल."

"टोचण्याची कसली सवय? सोमवारी या, घासून देतो. मागच्या दारानं या, कोणी बघत नाही."

बाईंनी मान हलवली. "काम चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा योग्य पत्त्यावर पोचलं होतं. लेक दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि ती काही बावळट नव्हती.

खालून नातीनं हाक मारली, "ए, माझ्या वाढदिवसाला तुझ्या बाबांना जेलीचे डोळे करायला सांगशील?"

लेक कठड्यावर पोट टेकून ओणवली आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोळे नाही गं. माझे बाबा कवळ्या करतात."

मोठ्या बाई दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरल्या.