टॅटलोचा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालतो

माणसं एकत्र येतात ती अडचणींमुळे. ज्याचं सगळं सुरळीत आहे, त्याच्याशी बोलायला कुणालाच विषय सापडत नाही. या सनातन सत्यावर १९८३ साली इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टचं गृहसंगणक मंडळ भक्कम उभं होतं.

मंडळाचं कार्य सुटसुटीत होतं. मासिकात छापून आलेला प्रोग्राम सभासदांनी घरच्या टीव्हीला जोडलेल्या संगणकात ओळ न् ओळ टाइप करायचा, तो चालायचा नाही, आणि गुरुवारी चर्चच्या सभागृहात सगळ्यांनी मिळून चूक शोधायची. (मासिकाच्या मते चूक नेहमी वाचकाची असे. पुढच्या अंकातल्या शुद्धिपत्राचंही तेच मत. शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र मात्र जरा नरमाईने बोले.) दोन वर्षांत सभासद एकेचाळीस, टाइप झालेल्या ओळी सुमारे दोन लाख, चाललेले प्रोग्राम शून्य, गैरहजेरी शून्य. इतकं यशस्वी मंडळ त्या भागात दुसरं नव्हतं.

बर्नार्ड टॅटलोचा तर जीव त्या गुरुवारात अडकलेला. विमा कचेरीत त्याला आठवडाभर कुणी काही विचारत नसे. मंडळात मात्र चांगली शहाणी माणसं त्याच्या चुकीपायी डोकं खाजवत बसत. अशा माणसावर मार्चमध्ये आभाळ कोसळलं. 'फ्रीझरमध्ये काय आहे' हा चारशे बारा ओळींचा प्रोग्राम त्याच्या बायकोने, नोरीनने, वाचून दाखवला, त्याने टाइप केला, आणि तो चालला.

"मटार दोन पाकिटं. बरोबर सांगतोय की," नोरीन म्हणाली. "मग तोंड का पाडलंस?"

"गुरुवारी काय नेऊ मी?"

तरी तो गेला, आणि भोळेपणाने खरं सांगून बसला. बिस्किटं चावायचा आवाज थांबला.

"चालतो म्हणजे?" चिटणीस क्लेग यांनी विचारलं. "शेवटपर्यंत?"

"पहिल्याच फटक्यात."

"हे बघ टॅटलो, रागावू नकोस. पण मग तू इथे येतोस कशाला?"

उपसमिती नेमली गेली. तिचा अहवाल एका वाक्याचा होता: अशा सभासदामुळे नव्या लोकांचा धीर खचतो, सबब पुढील गुरुवारपासून त्याची खुर्ची मांडू नये.

बर्नार्ड घरी येऊन फिश फिंगर चिवडत बसला. नोरीनला त्याची खरंच दया आली. "एवढंच ना? आण ती प्रोग्रामची कॅसेट," ती म्हणाली. तिने प्रोग्रामातली मधलीच एक ओळ बिघडवली आणि तो पुन्हा कॅसेटवर भरून ठेवला. कोणती ओळ, ते काही सांगितलं नाही.

बर्नार्डची खुर्ची पुन्हा मांडली गेली, आणि ती चूक शोधायला मंडळाला अकरा गुरुवार पुरले नाहीत. बाराव्या गुरुवारी बर्नार्डला एकमताने उपाध्यक्ष केलं. इकडे नोरीनने फ्रीझरच्या दारावर कागद चिकटवला: 'मटार, दोन.'

मंडळात प्रवेश सर्वांना खुला आहे. मात्र ही गोष्ट तुम्हाला पहिल्याच वाचनात नीट कळली असेल, तर चूक तुमचीच आहे. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासा. शेजारी बसणारं कुणी नसेल, तर गुरुवारी या.