चौथा पुकारा

आमच्या शेजारचे अण्णा चौगुले कुणालाही तीनदाच हाक मारतात. चौथ्यांदा नाही. सांगलीच्या कोर्टात पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. रिटायर झाले, पण पुकारा काही घशातून गेला नाही. घरात चहासाठीसुद्धा तीन पुकारे होतात. काकू त्यानंतर कप घेऊन आल्या, तर अण्णा मान फिरवतात. "पुकारा झाला. परकरण निकाली." मग तो चहा काकू मला देतात. म्हणून मी बरोबर त्याच वेळेला जातो.

त्यांची एकुलती लेक पद्मजा लग्न करून अमेरिकेला गेली. तिथं वकिली शिकली, खालच्या कोर्टात जज्ज झाली आणि चढत चढत तिथल्या एका राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाऊन बसली. अण्णांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तितं पुकारा कोन करतं गं?" तसा कुणी माणूसच नाही म्हटल्यावर त्या कोर्टाबद्दलचा त्यांचा आदर निम्म्यावर आला.

उरलेला यंदा गेला. आधी तिला सरकारनं नेमलं होतं, आता खुर्ची टिकवायला निवडणुकीला उभं राहायचं होतं.

"जज्जानं मतं मागायची?" अण्णा दिवसभर अस्वस्थ. "उद्या आरोपी म्हनंल, बाई, तुमाला म्याच निवडून दिलंय."

पण लेक ती लेक. आठवड्याभरात आमच्या आष्ट्याच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. मधोमध काळ्या झग्यातली पद्मजा आणि वर गावातले झाडून सगळे पुढारी. त्यातल्या निम्म्यांच्या नावाचा पुकारा अण्णांनीच कधीतरी केलेला.

"अण्णा, हे अमेरिकेतल्या मतदाराला दिसणार कसं?"

"गड्या, फ्लेक्स मतदारासाठनं नसतोय. वरच्या लोकांसाठनं असतोय."

प्रचार म्हटल्यावर गल्लीतली मंडळी "रस्सा कवा?" विचारत आली. घर जैनांचं. अण्णांनी शिरा वाढला. खाऊन झाल्यावर एकजण म्हणाला, "नुसत्या शिऱ्यावर पोरीचं शीट पडणार बघा, अण्णा."

"मग पडू दे की," अण्णा चटकन म्हणाले.

सगळे हसले. मला काही हसू येईना. पडली तर ती दोन महिने राहायला येते म्हणाली होती, हे मला काकूंनी सांगितलं होतं. निवडून आली तर लगेच काम सुरू. आणि तिला बघून अण्णांना कितीतरी वर्षं झाली होती.

पद्मजा निवडून आली. अण्णांनी पेढे वाटले, स्टँडवर हार घालून घेतला, पुढाऱ्यांबरोबर फोटो काढले. चहाच्या वेळेला मी गेलो, तर ते अंगणाच्या फाटकाशी उभे होते, कोर्टाच्या दारात उभे राहत तसे ताठ.

"पद्मजा अण्णाप्पा चौगुले, हाजिर हो."

आवाज अगदी कोर्टातला. दुसरा पुकारा जरा हळू झाला. तिसरा मला जेमतेम ऐकू आला. आता 'परकरण निकाली' म्हणत आत येतील म्हणून काकूंनी घाईनं चहा ओतला.

अण्णा फाटकातून हलले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि चौथ्यांदा हाक मारली, नुसती "पद्मे" म्हणून.