नमुना सात

तांदळाच्या डब्यामागे बाटली नव्हती. मंजुनाथनं डबा सरकवला, ज्वारीचं पोतं सरकवलं आणि मग मटकन खालीच बसला. घड्याळात साडेतीन वाजले होते.

आता त्याची भानगड सांगायलाच हवी. वैरागच्या मळ्यातली द्राक्षं त्यानं यंदा एका नावाजलेल्या वायनरीला दिली होती, तीही वडिलांच्या चोरून. त्या द्राक्षांची कोवळी लाल वाइन साध्या बाटलीतून आली होती. वर 'नमुना ७' एवढीच चिठ्ठी. चार वाजता कंपनीचे तन्वीरसाहेब स्टेशनजवळच्या हॉटेलात ती चाखणार होते. पसंत पडली तर पाच वर्षांचा करार, नाही तर पुन्हा दलालांचे उंबरे झिजवा. आणि वडील? गुरुसिद्धप्पा म्हणजे साक्षात जमदग्नी. सख्ख्या मेव्हण्याच्या, शिवप्पाच्या तोंडाला दारूचा वास आला म्हणून बारा वर्षं त्याचं तोंड न पाहिलेला माणूस!

"अव्वा, हितं बाटली होती एक?"

"ती व्हय?" त्याची आई सावित्रम्मा शेंगा निवडता निवडता म्हणाली. "तूच म्हणालास की, आपल्या मळ्यातला द्राक्षाचा रस हाय. नव्या पिकाचं पयलं देवाला नको? देवापुढं ठिवली, आन् भजनाच्या पाच बायकांना वाटली. लई खूश झाल्या! दानम्माचं गुडघं दुखत्यात म्हणं, नाचली की!"

"सगळी संपली?"

"घोटभर हाय अप्पांच्या फुलपात्रात. त्यांनी दोनदा मागून घेतला."

अरे देवा! मंजुनाथ बाहेरच्या खोलीत धावला. गुरुसिद्धप्पा भिंतीला टेकून चक्क गुणगुणत होते. लेकानं जन्मात हे ऐकलं नव्हतं. खिशात फोन वाजत राहिला, तो उचलायचंही त्याला भान राहिलं नाही. शेवटी वाट पाहून तन्वीरसाहेबच पत्ता शोधत दारात हजर झाले.

"मंजुनाथभाई, नमुना कुटं हाय?"

मंजुनाथनं गुपचूप फुलपात्राकडे बोट केलं.

"रसाचं इचारता व्हय? या, बसा," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "माल एक नंबर, पर घाई केलीया. आदी जांभळावानी लागतंय, मागनं जीभ धरतंय. वरीसभर हात लावू नका, मऊ येतंय बगा."

चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाची ढेप चाखून पारखणारी जीभ ती! तन्वीरसाहेब उडालेच. "अप्पा, आमच्या परदेशी जाणकारानंबी हेच लिवलंय!"

त्यांनी फुलपात्र नाकाशी धरलं, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि सरळ उठून मोरीत थुंकला. "करार पक्का. फक्त मळा अप्पांच्या नावावर हाय, त्यांची सही लागंल."

"ए! देवाचा परसाद थुकतोस?" गुरुसिद्धप्पा ताडकन उठले.

"माफी असावी. मी पीत न्हाई. आमच्यात चालत न्हाई. चव बगून थुकायचं, हेच माजं काम."

"रस पिणं कुणात चालत न्हाय रं?"

गुरुसिद्धप्पांनी फुलपात्राकडे पाहिलं, मग लेकाच्या खाली घातलेल्या मानेकडे. हळूहळू त्यांचा चेहरा थेट नमुना सातच्या रंगाचा झाला. संपलं सगळं, मंजुनाथला वाटलं. आता मळाही गेला आणि घरही.

"मंज्या," वडील आतल्या खोलीकडे बघत कुजबुजले, "तुज्या अव्वाला कळता कामा न्हाय. पाच बायांना पाजलंय तिनं! हातरूण धरंल ती."

"आन् सही?"

"आण तो कागद."

सही होते न होते तोच आतून सावित्रम्मा ओरडली, "अवो, दानम्माचा फोन हाय! बायका म्हणत्यात, उद्याबी भजन ठिवू या!"

"ठिवा की," गुरुसिद्धप्पा म्हणाले. रिकामं फुलपात्र त्यांनी पालथं करून पाहिलं. मग लेकाला जवळ बोलावून त्यांनी हळूच विचारलं,

"तुज्या शिवप्पामामाचा नंबर हाय का रं तुज्यापाशी?"