सहदेवकाकांची फूटपट्टी लाट

"तुम्हाला खोटं वाटेल नंदकिशोर, पण सॉटूथ मी डोळे मिटून काढायचो. साकीनाक्याच्या वर्कशॉपात मला करवत्या म्हणायचे, करवत्या!"

शनिवारी सोसायटीच्या बाकावर सहदेवकाकांनी शेजारच्या नंदकिशोरना हे ठोकून दिलं. त्यांना असं कोणीच म्हणत नसे. टीव्ही दुरुस्तीच्या तीस वर्षांत त्यांनी हजारो बोर्ड बदलले, काही थापट्या मारून जिवंत केले. स्वतःचं सर्किट मात्र एकही जुळवलं नव्हतं. तरी पुतणी निधीचं डिप्लोमाचं प्रोजेक्ट त्यांनी अंगावर घेतलं. सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातासारखी विजेची लाट काढायची: सरळ रेषेत चढण, मग धाडकन खाली. सोमवारी जमा करायचं होतं.

रविवारी सकाळी जुन्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी लाट उमटली. दात सरळ कसला, केळ्यासारखा वाकडा!

"काका, कपॅसिटर आधी भराभर भरतो, मग दमतो," निधीने वहीतली आकृती पुढे केली. "इथे ट्रान्झिस्टर लावून करंट एकसारखा ठेवूया ना?"

"पुस्तकी किडे तुम्ही! सर्किट तापलं की दात आपोआप सरळ होतो. जा, नंदकिशोरना बोलाव बघायला."

ती गेली आणि काकांना घाम फुटला. पोरीचं बरोबर होतं. पण ते आता कबूल करायचं, नंदकिशोरसमोर? काकांनी स्कोपचा ब्राइटनेस पार शून्यावर नेला, निधीचं हिरवं स्केचपेन आणि फूटपट्टी घेतली आणि पडद्याच्या काचेवर चार दात आखले. नंदकिशोर गेले की पुसू, गुपचूप ट्रान्झिस्टर लावू, असं स्वतःला बजावलं.

नंदकिशोर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. चष्मा सरसावून ते काचेला नाक लावून उभे राहिले. "झकास, बुवा! एक दातसुद्धा वाकडा नाही."

निधी बघतच राहिली. "सॉरी काका, उगाच वाद घातला." तिने पेन काढलं आणि वहीतल्या ट्रान्झिस्टरवर फुली मारली.

 खरं सांगायला काकांनी तोंड उघडलं. पण तीस वर्षांची सवय, निघालं भलतंच.

"अगं, हे काहीच नाही. माझी लाट एवढी सरळ असायची की पवईचे इंजिनियर आपल्या फूटपट्ट्या माझ्याकडे तपासायला आणायचे!"

"करवत्या खरे!" नंदकिशोर म्हणाले.

इतक्यात सुलक्षणाकाकू मिक्सर कडेवर घेऊन आल्या. "माका खोबऱ्याचा वाटप वाटूचा आसा. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड गेलाय, तो दुरुस्त करायला यांना वेळ नाही." आणि मिक्सर लावायला त्यांनी कोपऱ्यातली एक वायर ओढली.

स्कोपचा लाल दिवा विझला. काका पुढे झाले, काचेसमोर उभे राहिले, पण पाठ तेवढी रुंद नव्हती.

निधीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "प्लग काकूच्या हातात आहे. लाट अजून चालूच आहे."